माझ्या नावापुढील निरंक

निवृत्त शिक्षक एकत्र जमले, की इतरांच्या चुकांची उजळणी करतात. आमच्याकडे मात्र स्वतःच्या चुकांची वही होती आणि अक्षर बरे म्हणून ती माझ्याकडे सोपवली होती. किस्से साठले ते त्यामुळे. मला त्यांचा सोस नाही.

नव्वदच्या दशकात येडगाव भागातील आम्ही शिक्षक महिन्यातून एकदा बैठकीस जमत असू. केंद्रप्रमुखांनी प्रथा पाडली: प्रत्येकाने आपला फसलेला एक पाठ सांगावा. सबब सांगू नये. जो सांगेल, त्याने चहाचे सगळे कप विसळावेत.

पहिल्याच बैठकीत शिंदे गुरुजी उठले. "माझी चूक येकच. मी पोरांवर लई माया करतो."

"गुरुजी," मी म्हटले, "कप मोरीत आहेत."

*

आणे गावच्या शेळकेबाईंनी तपासणीसाठी पाठ महिनाभर घोटून घेतला होता. साहेबांनी मधलाच प्रश्न पहिल्या बाकावर विचारला. मुलगा नम्रपणे म्हणाला, "सायेब, ह्यो प्रश्न माझा न्हाई. शंकरचा हाय. आन् शंकरला आज ताप आलाय."

*

जुन्नरच्या शेख सरांनी गणित घातले: एका क्रेटमध्ये वीस किलो टोमॅटो, तर दहा क्रेटमध्ये किती? एका मुलीने लिहिले, 'दोनशेपेक्षा कमी.' सरांनी शून्य दिले. पुढे नारायणगावच्या बाजारात तिच्या वडिलांच्या मालाचे वजन होताना त्यांनी पाहिले. व्यापारी प्रत्येक क्रेटमागे घट म्हणून थोडे वजन कापत होता.

"पोरगी बरोबर व्हती, बाई," सर मला म्हणाले. "बाजारात मीच कच्चा."

*

माझ्या नावापुढे मी दर महिन्यास 'निरंक' लिहीत असे.

"बाई," शिंदे गुरुजी म्हणत, "तुमच्या वर्गात सोता सरस्वती शिकवती का वो?"

मी शाई वाळू देत असे.

*

चौथीतील सुलभा तोंडी प्रश्नांना कधी उत्तर देत नसे. तिला त्याच इयत्तेत ठेवायचे मी ठरवले होते. निकालपत्रकात पेन्सिलीने 'नापास' लिहिलेही होते. वर्षअखेरच्या बैठकीत ते शाईने पक्के व्हायचे होते.

त्या आठवड्यात माझा आवाज पूर्ण बसला. फळ्यावर भागाकार लिहिला, सुलभाकडे बोट केले आणि नाइलाजाने थांबले. बऱ्याच वेळाने तिने उत्तर दिले. बाकीसुद्धा बरोबर सांगितली.

मी फळ्यावर लिहिले, 'कधीपासून येते?'

"पयल्यापास्नं येतंय, बाई. पर मी तोंड उघडस्तोवर तुमी दुसऱ्याला इचारता."

बैठकीत मी निकालपत्रकातील पेन्सिलीचे 'नापास' खोडले. माझ्या नावापुढे एक ओळ लिहून वही शिंदे गुरुजींपुढे सरकवली. त्यांनी मोठ्याने वाचले, "'आवाज बसला होता, म्हणून मुलीचे ऐकू आले.'"

गुरुजींनी चष्मा काढला.

"बाई, आता ही चूक धरायची, का सबब?"

मी पदर खोचला आणि कप गोळा केले.