पिंजऱ्याची पहिली जागा

कोल्ह्याला द्राक्षे आंबट, ही म्हण ज्याने काढली त्याने नाशिककडचा मळा पाहिलेला नसावा. आमच्याकडे कोल्हे द्राक्षंही खायचे आणि ऐन उन्हाळ्यात पाण्यासाठी ठिबकच्या नळ्याही कुरतडायचे. वडील पिंजरा लावायचे, आणि जागा हेरायला मला बरोबर न्यायचे. दहावीला भूमितीत किती पडले ते मी विसरलो असेन, पण पिंजरा कुठे लावायचा ते विसरलेलो नाही. कुवेतमध्ये तेलाच्या क्षेत्रात इन्स्ट्रुमेंट इंजिनियर म्हणून वीस वर्षं काढल्यावर ही विद्या पुन्हा कामी येईल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

माझे एक जुने कुवेती साहेब निवृत्तीनंतर वफ्राला आपल्या शेतावर रमले होते. आमच्या फिंतासच्या घरापासून तासाभराचा रस्ता. खजुराची झाडं, काकडीची दोन हरितगृहं, मागच्या कुंपणाला वारा अडवायला लावलेली अथलची रांग, म्हणजे लांबून आपल्या सुरूसारखी दिसणारी झाडं, आणि त्यापलीकडे थेट उघडं वाळवंट. साहेबांचा जीव होता तो परदेशातून आणवलेल्या जातिवंत कोंबड्यांवर. त्या सांभाळायला मंडणगडकडचा एक राखणदार होता. बारा वर्षं तिथेच राहिलेला, साठीला आलेला, मितभाषी. मी त्याला चाचा म्हणत असे.

हिवाळ्यात कोंबड्या कमी व्हायला लागल्या. आठवड्याला एखादी. खुराड्याचं कुलूप शाबूत, जाळी शाबूत, रक्त नाही, पीस नाही. किल्ली एकट्या चाचाकडे. साहेबांनी चाचाच्या देखतच मला फोन करून सरळ सांगितलं, “दोन पायांचा कोल्हा आहे. हरामी.” अरबीत त्या शब्दाचा अर्थ नुसता चोर, पण चाचाच्या कानाला तो आपल्याच अर्थाने लागला असणार. साहेबांनी त्याला दोन शुक्रवारांची मुदत दिली होती. तोवर खरा चोर दिसला नाही, तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द आणि मुंबईचं तिकीट.

“साहेब, मी एक पण नाय घेतली,” चाचा मला म्हणाला. “मला घरी जायाची भीती नाय. पण गावात विचारतील, का पाठवला? मी काय सांगू?”

मी म्हटलं, “चाचा, तुम्ही काळजी सोडा. कोल्हे पकडण्यात आमची हयात गेलीय.”

हयात माझ्या वडिलांची गेली होती, पण बोलताना मी कधी हात आखडता घेत नाही.

पिंजरा मी आमच्या वर्कशॉपमधल्या एका मल्याळी वेल्डरकडून करून घेतला. कुठल्याही प्राण्याला इजा होणार नाही असा, पडत्या दाराचा. शिवाय रानात लावतात तसला हालचाल टिपणारा कॅमेरा घेतला. मुलगी म्हणाली, “बाबा, इट्स अ फॉक्स, नॉट अ जॅकल.” म्हणजे खोकड. म्हटलं, नातेवाईकच ते, सवयी घरच्याच असणार.

मुदत सुरू झाली त्या शुक्रवारी पिंजरा ठेवला तो खुराड्याच्या दाराशी. कॅमेरा खजुराला बांधला. कॅमेऱ्याच्या टप्प्यात खुराड्याचं दार येत होतं, कुलूप येत होतं, आणि मागे दहा पावलांवर चाचाच्या खोलीचं दारही येत होतं. मी चाचाला म्हटलं, “खोकड इथूनच येणार.” त्याने मान हलवली.

पिंजऱ्यात दोनदा शेतावरचं मांजर अडकलं, तेही तक्रार न करता, कारण आतली मच्छी त्याला आवडली होती. पुढच्या शुक्रवारी कॅमेऱ्यातली चित्रं पाहायला बसलो. मांजर, मांजर, मांजर. मध्ये रोज मगरीबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या सुमाराला चाचा यायचा, कोंबड्या आत घ्यायचा, कुलूप लावायचा, ते दोनदा ओढून बघायचा आणि मग मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे पाहायचा. म्हातारा लाजतोय, असं म्हणून मी हसलो. एकाही चित्रात रात्रीतून कुलपाला कोणाचा हात लागला नव्हता. आणि तरी एक कोंबडी कमी होती.

साहेबांनी दिलेल्या दोन शुक्रवारांतला एक संपला.

शनिवारी मी आयताच सुट्टीवर होतो. डोकं चालवलं. कुलपाला हात लागला नाही आणि कोंबडी तर गेली, याचा अर्थ ती कुलूप लागायच्या आधीच गेली होती. मग खुराड्याशी पिंजरा लावणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. वडील म्हणायचे, जनावर कुठे खातं ते बघू नकोस, कुठून चालतं ते बघ. दाट झाडीत ते लपतं, उघड्यावर शिकार करतं, आणि या दोन्हींच्या शिवेवरून ये-जा करतं. पिंजऱ्याची जागा शिवेवर. मी चाचाला घेऊन अथलच्या रांगेच्या टोकाला गेलो, जिथे झाडी संपून वाळवंट सुरू होतं.

तिथे ठिबकची नळी कुरतडलेली होती. दातांचे ठसे बघून मला अक्षरशः माहेर भेटल्यासारखं झालं. खाली ओल धरलेल्या वाळूत कोंबड्यांच्या पायांची तिपेडी नक्षी, आणि तिच्यावरूनच गेलेले गोल, छोटे, कुत्र्याहून नाजूक पंजे. झाडाच्या बुंध्यामागे दोन तांबडी पिसं.

“दुपारची असरची नमाज झाली की कोंबड्या इकडेच येतात पाण्याला,” चाचा म्हणाला.

“मग आधी का नाही बोललात?”

“तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही खुराड्याचंच विचारत होतात.”

साहेबांना पिसांचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं की पिसं कोणीही टाकू शकतो, मला जनावर दाखव.

मग मात्र मी जागा निवडली ती वडिलांची आठवण ठेवून. पावलांची वाट धरून कुंपणाखालच्या फटीपर्यंत गेलो. पिंजरा वाटेवर ठेवला नाही, कारण रस्त्यात अचानक घर उभं राहिलं तर आपणही बिचकतो. वाटेपासून हातभर बाजूला, पाठ अथलच्या बुंध्याला, तोंड वाटेकडे. वारा वायव्येचा, म्हणून वास वाटेवर जाईल अशी बाजू धरली. पिंजऱ्याचा तळ तिथल्याच वाळूने झाकला, उन्हासाठी वर फांद्या घातल्या. आमिष चाचाने दिलं, गावाहून आलेले सुके बोंबील. थोडे त्याने मलाही बांधून दिले. गाडीत आठवडाभर तो वास राहिला, आणि माझ्या पुणेकर बायकोने तोवर जाब्रियाला दवाखान्यात ड्युटीवर जायला टॅक्सी केली.

पहिले तीन दिवस दार बांधून उघडंच ठेवायचं, येऊ दे, खाऊ दे. “फुकट?” चाचाने विचारलं. म्हटलं, “सवय लागल्याशिवाय कोणी अडकत नाही. आपण नाही का इथे दोन वर्षांसाठी आलो होतो?” त्या दिवसांत तो पहिल्यांदा हसला. बोंबील रोज संपत होते. मंगळवारी दार सोडलं. बुधवारी काहीच नाही, आणि ऑफिसात मी एका मीटरची साधी रेंज चुकीची भरली, हे मी कबूल करतो.

गुरुवारी उजाडता उजाडता फोन आला. चाचाचा. “आहे,” एवढंच म्हणाला.

मी तातडीची रजा टाकली आणि साहेबांना उठवलं. आम्ही दोघं जवळजवळ एकदमच पोचलो. पिंजऱ्यात वाळूच्याच रंगाचं, मोठ्या कानांचं, कुत्र्याच्या पिलाएवढं जनावर कोपऱ्यात अंग चोरून बसलं होतं. माझी छाती तेव्हा किती फुगली असेल ते विचारू नका.

साहेबांनी वाकून त्याला नीट पाहिलं. मग वळले आणि त्यांनी चाचाचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचं चुंबन घेतलं. इथे मोठा माणूस माफी मागतो ती अशी. चाचा अवघडून उभा होता. डोळे पुसायला त्याने तोंड फिरवलं.

साहेबांनी कुंपणाखाली जाळी पुरायला आणि बाहेरच्या बाजूला पाण्याचं भांडं ठेवायला सांगितलं. खोकड लांब वाळवंटात सोडायचं काम आम्हा दोघांकडे आलं. डांबरी रस्ता सोडून बरंच आत गेल्यावर मी दार उचललं. ते क्षणभर थांबलं आणि मग मागे न बघता पळालं.

“जागा अचूक धरलीत साहेब,” चाचा म्हणाला.

“मग! वडिलांची विद्या आहे.”

“दुसरी म्हणतो मी.” तो पिंजऱ्यातली वाळू झटकत होता. “पहिली जागा माझ्यासाठी होती ना?”

कॅमेऱ्याचा टप्पा, वाऱ्याची दिशा, नवखेपणा, किती कारणं माझ्या जिभेवर होती. आयुष्यात क्वचितच वाटली असेल एवढी लाज मला तेव्हा वाटली. मी “हो” म्हणालो.

“मला म्हायत होतं,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “म्हणून तर रोज कुलूप दोनदा ओढून दाखवत होतो.”