बाईंच्या पाठीमागचा हात

माझी ताई गणितात हुशार आणि बाकी सगळ्यात अडाणी. हे मी तिच्या तोंडावर म्हणत आले, त्यामुळे इथे सांगायला मला कुणाची भीती नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ती पाइपांचे नकाशे काढायची. शनिवार-रविवारी बाकीच्या बायका जरा पाठ टेकतात, तर ही माझ्या लाँड्रीच्या वरच्या खोलीत पाचवी ते आठवीची पोरं गोळा करून त्यांना गणितं घालायची. खाली माझी इस्त्री, वर तिची कार्यशाळा. तिला शिकवणी म्हटलेलं खपायचं नाही. शिकवणीत उत्तरं मिळतात, आणि ताई उत्तर कध्धी सांगायची नाही. एकदा एक दातांचे डॉक्टर तणतणत वर आले, दोन रविवार झाले, मुलगा एकाच गणितावर अडलाय म्हणून. ताईने त्यांना शांतपणे सांगितलं की दात उपटता तसं उत्तर उपटता येत नाही, हलू लागलं की आपसूक पडतं. बिचारे आले तसे जिना उतरून गेले.

हे सगळं सुरू झालं ते ठकीसाठी. ठकी ताईची एकुलती एक. भाऊजी आधीच गेलेले, त्यामुळे घरात या दोघीच. पोरगी बोलायला मिरची, पण अपूर्णांक दिसला की डोळ्यांतून धारा. म्हणून ताईने शेजारची चार पोरं जमवली, कागदाच्या पट्ट्या कापल्या, तराजू आणला आणि गणिताचा खेळ मांडला. चाराची दहा झाली, दहाची खोलीभर झाली. ठकीचं रडणं थांबलं आणि वात्रटपणा सुरू झाला.

सुरुवात कायम एकाच खेळाने व्हायची. ताई फळ्याकडे तोंड करून उभी राहणार, डावा हात फळ्यावर, उजवा पाठीमागे कमरेवर. पोरांनी खोलीत फिरून हवं त्याच्याशी शेकहँड करायचा, मात्र एकाशी एकदाच. मग प्रत्येकाने आपण किती हात मिळवले तो आकडा सांगायचा आणि एकाने बेरीज करायची. ताई मागे न बघता आधीच सांगायची, बेरीज सम येणार. आणि यायचीच. नव्या पोरांना वाटायचं बाईंना जादू येते.

त्यातली गोम मला लाँड्रीतच कळली. माझ्याकडे प्रत्येक कपड्याला दोन चिठ्ठ्या, एक कपड्याला टाचायची, दुसरी गिऱ्हाइकाच्या हातात. कपडे कितीही येवोत, चिठ्ठ्या सम. शेकहँडचं तेच. तो दोघांत होतो आणि दोघंही मोजतात, म्हणजे एका शेकहँडचे बेरजेत दोन.

ठकीने ही जादू मोडली. एका शनिवारी ती हळूच आईच्या मागे गेली, तिचा पाठीमागचा हात मिळवून आली आणि आपल्या आकड्यात तो धरला. बाईंना आकडा कुणी विचारत नाही. त्यामुळे त्या शेकहँडचा एकच बेरजेत आला आणि बेरीज विषम. पोरांनी खोली डोक्यावर घेतली. पुढे त्या मायलेकींचा तो खेळच झाला. हातात हात आला की ताईला कळायचंच, तरी ती मागे न बघता ठणकावून सांगायची, सम येणार. आणि मग तोंडावर आपटल्याचं नाटक करायची. पोरगी जिंकावी म्हणून ही दर आठवड्याला हरायला तयार.

सहावीत असताना ठकी गेली. तापाचं निमित्त झालं. त्यावर मी जास्त बोलणार नाही.

ताईने खोली बंद केली, मग पुन्हा उघडली. घरात बसून भिंती खायला उठतात म्हणाली. खेळ तोच, उभं राहणं तेच. पुढे कित्येक वर्षं बेरीज सम येत राहिली. ताईचे केस पिकले, नोकरी संपली, गुडघे गेले. जिना चढताना ती एकेका पायरीवर बसायला लागली तेव्हा मी तिला ओढत डॉक्टरकडे नेलं. ऑपरेशन लवकर करा, नाहीतर खुर्चीला खिळाल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तारीख ठरली.

आणि त्याच आठवड्यात बेरीज विषम आली.

मी तेव्हा चहा घेऊन वर गेले होते. पोरांनी आकडे परत मिळवून बघितले, परत विषम. कुणीतरी मोजायला चुकलं असेल म्हणून पोरं हसली. ताई हसली नाही. ती तशीच फळ्याकडे तोंड करून उभी, आणि पाठीमागच्या हाताची बोटं तिने गच्च मिटलेली. पोरं गेल्यावर ताई मला म्हणाली की ठकी आली होती. हात गारठलेला होता, पण हात तोच.

मी तिला चांगलं झापलं. पण पुढच्या शनिवारी पुन्हा विषम. त्याच्या पुढच्याही. ताईने मला न विचारता ऑपरेशन रद्द केलं. मी दवाखान्यात पडले आणि ठकी इथे आली तर कुणाचा हात धरेल, असं मलाच विचारायला लागली.

खरं सांगायचं तर मीही टरकले होते. वरच्या खोलीला लाकडी फळ्यांची जमीन आहे. इतक्या वर्षांत खाली इस्त्री करता करता मला वरची पावलं ओळखता यायला लागली होती. ताईचा ओढत पडणारा पाय वेगळा, पोरांची धावपळ वेगळी. आता कार्यशाळा सुटल्यावर, सगळी पोरं माझ्यासमोरून रस्त्याला लागल्यावर, वर ताई खुर्चीत बसलेली असताना, फळ्यापासून खिडकीपर्यंत हलकी पावलं जायची. मी इस्त्री उभी करून ऐकत राहायचे. भरदुपारी, रस्त्यावर रहदारी चालू असताना. एकदा वर जाऊन बघितलं तर ताई एकटीच, उजवा हात शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवून बसलेली. जुनी फळी आहे, उन्हाने वाजते, अशी मी माझी समजूत काढली.

मग एके दिवशी चिठ्ठ्या टाचताना माझी ट्यूब पेटली. ठकी आली, आईचा हात मिळवून गेली, असं धरून चालू. बाईंना आकडा कुणी विचारत नाही. आणि ठकीला कोण विचारणार? दोघींपैकी एकीचाही आकडा बेरजेत नाही, मग बेरीज हलेल कशी? ती समच राहायला हवी. विषम येतेय याचा अर्थ ज्याला आकडा विचारतात असं कुणीतरी ताईचा हात धरतंय. म्हणजे खोलीतलं जिवंत पोर! मला शाळेपासून ढ म्हणणाऱ्या माझ्या ताईला हे दिसलं नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. खरं तर तिला ते बघायचंच नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि वरच्या खोलीच्या दारात उभी राहिले. खेळ सुरू झाला. पोरांच्या गर्दीतून एक बारकी मुलगी भिंतीकडेने सरकत फळ्यापाशी गेली, ताईचा हात धरला, सोडला आणि परत आली. वायरमनची मुलगी, नवीनच आलेली. सारखं फ्रॉकचं बटण पिळत बसायची म्हणून पोरं तिला बटण म्हणत. मी तिचा पंजा उघडून बघितला. बर्फासारखा गार, आणि त्यावर ताईच्या हातची खडूची पांढरी भुकटी.

मी तिला खाली नेऊन, न रागावता, विचारलं. तिने बटण पिळायला घेतलं.

"सगळे एकमेकांचे हात धरतात," ती म्हणाली. "बाईंचा कुणीच धरत नव्हतं."

माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मग ती अजून काहीतरी पुटपुटली, की कधीकधी बाईंची मूठ आधीच मिटलेली असते, तेव्हा ती नुसतीच परत येते. मी तिकडे लक्ष दिलं नाही. मला ताईला गाठायची घाई होती.

ताईने माझं सगळं ऐकून घेतलं. चिठ्ठ्यांचा हिशेब मी तिला टेबलावर मांडून दाखवला. तिने एकही चूक काढली नाही, आणि तिने चूक काढली असती तर मला बरं वाटलं असतं. तिचा चेहरा उतरत गेला. शेवटी ती म्हणाली, बरोबर आहे तुझं, ऑपरेशनची तारीख घेऊन टाक. आणि त्या मुलीला कुणी काही बोलायचं नाही.

ऑपरेशनच्या आधी एकच शनिवार उरला होता. त्यानंतर ताई माझ्याकडे राहायला येणार आणि खोली बंद होणार हे पोरांना सांगून झालं होतं. मी बटणला बजावलं होतं की आज बाईंकडे जायचं नाही, पोरांत मिसळायचं. खात्री असावी म्हणून मी थेट फळ्याशेजारीच उभी राहिले. ताई नेहमीसारखी उभी, डावा हात फळ्यावर, उजवा मागे. बटणने लाजत लाजत दोन मुलांशी हात मिळवले. ती जागेवर बसेपर्यंत मी तिच्यावरची नजर काढली नाही. फळ्याकडे कुणीच फिरकलं नाही. माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर ताईचा हात होता आणि त्याच्या आसपास चिटपाखरूही नव्हतं.

तरी तिची बोटं हळूहळू मिटली. पूर्ण मिटली नाहीत. आत काहीतरी असल्यासारखी अर्ध्यावर थांबली, आणि अंगठा सावकाश मागेपुढे फिरायला लागला, झोपणाऱ्या पोराचा हात आपण चोळतो तसा.

पोरांनी आकडे सांगितले. बेरीज झाली. सम.

ताई वळली. इतक्या वर्षांत मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. तिने माझ्यासमोर तळवा उघडला. खडूची भुकटी मधोमध पुसली गेली होती, चार बारीक बोटांएवढी.

"धाकटे, तूच शिकवलंस ना मला?" ती हळूच म्हणाली. "ती आली की सम यायला हवी."

सम बेरीज तर एरवीही येते, असं मी म्हणू शकले असते. म्हटलं नाही. आणि मग मला आठवलं की ठकी गेल्यापासून किती वर्षं ती बेरीज समच येत होती.

ऑपरेशनच्या सकाळी ताईने जराही कुरकुर केली नाही. वॉर्डबॉय तिला ढकलगाडीवरून न्यायला आला तेव्हा तिने मला सांगितलं, खोलीच्या खिडकीला कडी घाल. मी म्हटलं, घातलीय. तिचा हात धरावा म्हणून मी उजव्या बाजूने पुढे झाले. चादरीबाहेर तिचा हात होता, बोटं अर्धी मिटलेली, अंगठा सावकाश हलत असलेला.

मी वळसा घालून डाव्या बाजूला गेले. उजवा हात रिकामा नव्हता.