गुणाजी भावोजींच्या गाडीमागचे दोन साप

माझ्या मोठ्या बहिणीचे, मैनाताईचे यजमान गुणाजी भावोजी कासूला राहतात. त्यांच्या गाडीत बसायचं तर आधी चपला काढायच्या, पिशवीत घालून डिकीत ठेवायच्या, पाय पुसायचे आणि मग आत. देवळातसुद्धा चपला बाहेर सोडल्या की भागतं, पिशवी लागत नाही. पण देवाची आणि गाडीची बरोबरी कशी करणार?

भावोजींचा जन्म मिठागरात गेला. डोक्यावर ओल्या मिठाची पाटी, पायाखाली निसरडा बांध आणि दोन्ही अंगांना खारं पाणी. त्या बांधावर भलेभले आपटले, पण भावोजी कधी घसरले नाहीत. हे ते स्वतःच सांगतात, म्हणजे खरं असणार. पुढे मिठागर बंद पडलं, रस्त्याला थोडी जमीन गेली आणि दारात पांढरीशुभ्र सात सीटांची गाडी आली. उतारवयात ते गाडी चालवायला शिकले, त्याचं मात्र मला कौतुक आहे. कासूत सायकलवाले त्यांना मागे टाकून जातात, इतकी ते ती जपून चालवतात.

गेल्या दिवाळीच्या सुमारास गाडीत वेगाच्या काट्याजवळ एक पिवळा दिवा लागला. त्यात एक छोटी गाडी आणि तिच्यामागे दोन वळवळत्या रेघा. दुसरा कोणी असता तर त्याने गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक उघडलं असतं. ते पुस्तक भावोजींनी पहिल्याच दिवशी हळदकुंकू लावून देव्हाऱ्याखाली ठेवलं होतं. त्यांनी चष्मा लावून दिवा निरखला आणि ताईला हाक मारली.

"मैने, ह्ये साप हायत गो. गाडीच्या मागं लागलेत."

महिनाभर आधी खाडीकडच्या रस्त्यावर त्यांच्या चाकाखाली धामण आली होती. तेव्हापासून त्यांच्या मनाला ते लागलं होतं.

"मेली एक, नि मागं लागले दोन कशे?" ताईने विचारलं.

"एक तिचा नवरा."

"नि दुसरा?"

"दुसरा तिचा भाव असंल. माहेरची मान्सं गप बसतात व्हय?"

मग शांती झाली. भटजी आले, चांदीची नागजोडी पुजली, खाडीत सोडली, गावजेवण झालं. दिवा जसाच्या तसा. गुण यायला वेळ लागतो, असं सांगून भटजी गेले. तेवढा वेळ त्या सापांकडे बघत गाडी चालवणं भावोजींना जमेना. त्यांनी पेणहून गणपतीचं जाड, चकचकीत स्टिकर आणलं आणि बरोबर त्या दिव्यावर चिकटवलं. मी देव मानते, रोज संध्याकाळी समई लावते. पण दिवा झाकायला देव वापरलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

या पावसाळ्यात भाची निशिगंधा पहिल्या बाळंतपणाला रोह्याहून माहेरी आली. आल्या आल्या तिने वडिलांचा मोबाईल साफ करायला घेतला, आणि त्यात तिला गाडीच्या कंपनीचा मेसेज सापडला. इंग्रजी मेसेज भावोजी उघडत नाहीत.

"बाबा, आपल्या गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये खोट निघालीय. गाडी घसरायला लागली की ते आपोआप चाकांना ब्रेक लावून तिला सावरतं. ते मधेच बंद पडतंय म्हणे. या मॉडेलच्या सगळ्याच गाड्या परत बोलावल्यात. पेणला नेली की फुकट दुरुस्त करून देतील."

"फुकट?" भावोजी दचकले. खोट म्हटल्यावर दचकले नव्हते. "फुकट कोन देतं गो? नवं काढून जुनं घालतील."

"अहो बाबा, वस्तू नाही ती. दिसत नाही डोळ्यांना."

"मंग तर बरंच! दिसत नाय त्ये काढून घेतलं तर मला कलनार कसं?"

"यात लिहिलंय, पिवळा दिवा लागला तर समजा बंद पडलंय. दिवा लागतो का आपला?"

"दिसत नाय," भावोजी म्हणाले. खोटं बोलले नाहीत. स्टिकर जाड होतं.

ताईने मला अष्टमीला, माझ्या गावी, फोन केला. मी भावोजींशी बोलायला गेले, तर मलाच ऐकावं लागलं.

"सगुणे, मिठाची पाटी घेऊन बांधावरनं चाललेला मानूस हाय मी. मला गाडी शिकवनार तोल सांभालायला?"

"भावोजी, तुमचा तोल आहे हो. पण चाकं गाडीची आहेत, आणि आत पोटुशी पोर बसणार आहे."

"पोर माझ्याच गाडीतनं जाईल बालंतपनाला. त्या हिरामणच्या रिक्षातनं नाय. सुक्या मासलीचा वास येतो तिला."

हिरामण म्हणजे गावचा रिक्षावाला. त्याच्या रिक्षाला वास येतो हे खरं. पण तिच्यात खोट असल्याचा मेसेज आलेला नव्हता.

निशिगंधाचे दिवस भरत आले तशी मीही कासूला जाऊन राहिले. एका सकाळी, पाऊस पडून गेलेला असताना, तिला कळा सुरू झाल्या. ताईने देवाजवळ अंगारा घेतला, मी कपड्यांची बॅग उचलली, आणि भावोजी? भावोजी दारात चपलांची पिशवी उघडून उभे. पोरीने एक हात कमरेवर ठेवून चपला काढल्या. आम्हीही काढल्या. भावोजींनी स्वतःच्याही काढल्या. नियम म्हणजे नियम.

हायवेवर डंपरांनी सांडलेली लाल माती पावसाने कालवली गेली होती. पेणच्या अलीकडे वळणावर एक म्हैस निवांत बसली होती. भावोजींनी ब्रेक मारला, चाक फिरवलं, आणि गाडी आमची राहिली नाही. आधी ती रस्त्यात आडवी फिरली, मग गर्रकन उलटी वळली आणि दोन चाकं भाताच्या खाचरात घालून थांबली. तोंड परत कासूकडे.

ताईचे ओठ नुसते हलत होते, माझ्याही तोंडात नामच होतं. निशिगंधा दोन्ही हात पोटावर धरून बसली होती. जरा वेळाने म्हणाली, "हलतंय."

तेव्हा आम्ही श्वास सोडला.

मग तिने भावोजींच्या शेजारच्या सीटवरून वाकून नखाने गणपतीचं स्टिकर हळूच सोडवलं, कपाळाला लावलं आणि पर्समध्ये ठेवलं. खाली पिवळा दिवा ठळक पेटलेला.

"बाबा, साप नाहीत हे. घसरलेल्या चाकांच्या खुणा आहेत."

भावोजी अनवाणीच खाली उतरले, बांधावर पाय ठेवला आणि सपशेल आपटले. ताई हसली नाही. मी हसले नाही. कळा सोसणारी पोर मात्र खुदकन हसली.

तेवढ्यात कासूकडून रिक्षा आली. हिरामणच, पेणला भाडं आणायला निघालेला. त्याने एकदा गाडी पाहिली, एकदा चिखलातले भावोजी पाहिले.

"बसा गो बायांनो. माझ्यात चपला घालून बसतात."

वास येत होता. त्या दिवशी तो मला उदबत्तीसारखा वाटला. दुपारच्या आत निशिगंधाला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

गाडी टोचन करून पेणच्या सर्व्हिस सेंटरला नेली. भावोजींबरोबर मी गेले. ताईने पाठवलं, लक्ष ठेवायला. मेकॅनिकने लॅपटॉपची वायर जोडली, आमचा चहा होईतो काम संपलं. दिवा विझला.

"दिवा कधीपासून लागत होता, काका?"

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"दिवालीपासनं."

"मग इतके दिवस काय केलंत?"

"शांती," भावोजी म्हणाले.

गावात मात्र ते सांगतात की शांतीचा गुण उशिरा आला, म्हणून सगळे वाचले. असेल बाई. देवाने वाचवलं यात मलाही शंका नाही. पण त्याने आधी मेसेजही धाडला होता, आणि तो उघडायला भटजी लागत नव्हता.

बाळ-बाळंतिणीला घरी आणायला भावोजी तीच गाडी घेऊन आले. पुसून लख्ख. दार उघडलं आणि सवयीने खिशातून पिशवी काढली. ताई नात कुशीत घेऊन समोर उभी होती. हॉस्पिटलच्या अंगणातला चिखल तिच्या चपलांना लागलेला. ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली.

भावोजींनी पिशवीची घडी घातली, खिशात ठेवली आणि दार आणखी जरा उघडून धरलं.