घडीपाशी कोणी हसलं नाही

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, आर्णीच्या बसस्टँडसमोरील झेरॉक्स, टायपिंग व इंटरनेट या दुकानाचे मालक, म्हणजे मी, आज आपला एक जुना गुन्हा जाहीरपणे कबूल करणार आहेत. नागरिकांनी शांतता राखावी. ज्यांना ऐकू कमी येते त्यांना पुढे बसवावे. गुन्ह्यात एक बकरी, बारा बायका आणि वाटीभर दहीभात गुंतलेला आहे. फिर्यादी आता हयात नाही, त्यामुळे आरोपीला स्वतःच उभं राहून सगळं सांगावं लागत आहे.

फिर्यादी म्हणजे आमच्या मुकादमीणबाई. कापूस वेचणाऱ्या बारा बायकांची टोळी त्यांच्या हाताखाली होती. त्यांना मी शेतात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कपाशीच्या दोन ओळींमधून उलट्या पावलांनी चालत होत्या. बारा बायका वेचत पुढे येत होत्या आणि बाई त्यांच्याकडे तोंड करून, हातात कागद धरून, मोठ्यानं वाचत मागे मागे सरकत होत्या. एकदाही अडखळल्या नाहीत. मी विचारलं, "बाई, सरळ चालून वाचता येत नाही का?" त्या म्हणाल्या, "तोंडं दिसली पायजे ना भाऊ. हासली का नाई, हे पाठीले कसं समजन?"

कागदावर काय होतं, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज टीव्हीवर यायचं, आणि कशासाठी यायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मोठ्या छत्र्या लावलेल्या गाड्या स्टँडवर उभ्या राहायच्या. दूरच्या शहरांतले वार्ताहर माझ्या दुकानात बसून बातम्या पाठवायचे. त्यांच्यातल्याच एका पोरसवदा माणसानं मला ब्लॉग उघडून दिला. फुकट असतो म्हटल्यावर मी लगेच तयार झालो. ‘स्टँडसमोरून’ असं नाव ठेवलं आणि समोर जे दिसेल ते लिहू लागलो. कोणत्या गाडीत कोणाची कोंबडी कंडक्टरच्या खांद्यावर बसली, उमरखेडच्या गाडीची वाट पाहता पाहता कोणाचं लग्न जमलं, असलं काहीबाही.

मुकादमीणबाई बाजाराच्या दिवशी दुकानात यायच्या. टोळीतल्या कोणाचं ना कोणाचं राशन कार्ड झेरॉक्स करायचं असायचं. एकदा टेबलावर माझ्या ब्लॉगचं एक पान पडलं होतं. त्यांनी ते उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं. बाई सातवी पास होत्या आणि आपण सातवी पास आहोत हे त्या कोणाला विसरू द्यायच्या नाहीत.

"हे कोणं लेहलं?"

"मी."

"तुम्ही?" त्यांनी मला खालून वर पाहिलं. "दिसत नाई तसे."

त्या दिवसापासून दर बाजाराला त्या नवीन पान मागून न्यायच्या. मी कौतुकानं द्यायचो, पण मनात पक्कं धरलं होतं की बाई त्यात भाकर बांधत असणार. माझा दुसरा काही समज होण्याचं कारण नव्हतं. ब्लॉगच्या कोपऱ्यात किती जण येऊन गेले ते दाखवणारा एक आकडा असायचा. त्यावर बहुतेक दिवशी एक यायचा. तो एक मीच होतो.

सात-आठ महिने मी असा स्वतःला वाचत राहिलो आणि मग रुसलो. कोणावर रुसलो ते सांगता येणार नाही, कारण समोर कोणीच नव्हतं. बायकोला मात्र भारदस्त कारण सांगितलं. म्हणालो, "आजूबाजूला काय चाललंय, आणि मी कोंबड्यांवर विनोद करतो. शोभत नाही." हे कारण इतकं चांगलं होतं की माझाही त्यावर विश्वास बसला. खरं कारण तो कोपऱ्यातला एक होता.

बाई येत राहिल्या. "आलं का भाऊ नवीन?" मी मान हलवायचो. मग त्या रद्दीच्या खोक्यातून एखादी बिघडलेली झेरॉक्स उचलायच्या, घडी घालून कमरेला खोचायच्या आणि जायच्या. मी मनात म्हणायचो, बघा, भाकरीच्या कागदाचंच काम होतं.

एका बाजारी मी वांगी घेत होतो. शेजारी बाईंच्या टोळीतली सुगंधा उभी होती. टोळीत सगळ्यात कमी बोलणारी, पण नजर मोठी तिखट. ती म्हणाली, "भाऊ, त्या बकरीचं मंग काय झालं?"

"कोणती बकरी?"

"तुमचीवाली. टीव्हीवाल्याचा कागद खाल्ला ते."

मी आयुष्यात बकरीवर अक्षर लिहिलेलं नव्हतं. पण लेखकाला वाचक भेटला की त्याची बुद्धी जागेवर राहत नाही. मी म्हणालो, "पुढच्या वेळी सांगीन." सुगंधा हसली. ते हसू मी कौतुकाचं समजलो.

पुढच्या बाजारी बाई आल्या त्या नेहमीसारख्या टेबलाला टेकल्या नाहीत. दारातच उभ्या राहिल्या.

"भाऊ, माह्या हातून गलती झाली."

मग सगळं बाहेर आलं. माझी पानं भाकरीला कधी गेलीच नव्हती. बाई ती शेतात टोळीला वाचून दाखवायच्या, निंदणीला आणि वेचणीलाही. वेचणीची मजुरी किलोवर. वाचणारीचे हात रिकामे, तिचं गाठोडं हलकं. म्हणून बायकांनी आपसात ठरवून टाकलं होतं: वाचन झालं की प्रत्येकीनं आपल्या ओटीतला एक ओंजळ कापूस बाईंच्या गाठोड्यात टाकायचा. बारा बायका, बारा ओंजळी. मी लिहिणं थांबवलं तेव्हा बायांना ‘नाही’ कसं सांगावं ते बाईंना समजेना. टोळीत त्या सालात तिघींच्या घरी दुःख झालं होतं. दिवसातून तेवढा अर्धा तास त्या हसायच्या.

"मंग मी राशन कार्डाचा कागद हाती धरला अन् मनचंच वाचलं," बाई म्हणाल्या. "सात महिने झाले. तुमच्या नावानं खोटं वाचून राह्यली मी, अन् बारा जणींची ओंजळ खाऊन राह्यली. झोप नाई लागत."

मी म्हणालो, "बाई, मी लिहिणं सोडलं. असल्या दिवसांत हसवणं बरं दिसत नाही."

"रडाचं त टीव्हीवर येते ना जी. त्याच्यासाठी तुमची काय गरज हाय?"

मी टेबलावरचे कागद सारखे करत बसलो.

"माह्यं एक काम करा," त्या म्हणाल्या. "मी जे वाचलं ते तुम्ही लेहून टाका कम्प्युटरात. म्हणजे ते खरं होईन. मी खोटी नाई पडणार."

मी हो म्हणालो, पण बाई लगेच सांगायला बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पळसाच्या पानावर दहीभात घेऊन आल्या. आमच्याकडे कपाशीचा पहिला वेचा सीतादही केल्याशिवाय सुरू करत नाहीत. शेतात झाडापाशी हळदकुंकू वाहतात, दहीभात ठेवतात आणि मगच कापसाला हात लावतात. "सात महिने पडीक होतं हे," म्हणत बाईंनी कीबोर्डाला कुंकू लावलं आणि शेजारी दहीभात ठेवला. फॉर्म भरायला आलेले दोन विद्यार्थी हात जोडून उभे राहिले. त्यांना वाटलं, मशीन नवीन घेतलं. पुढे आठ दिवस त्या कीबोर्डातून मुंग्या निघत होत्या.

बाई सांगत गेल्या आणि मी टायपत गेलो. एका गावात टीव्हीवाला येतो. त्याच्याजवळ प्रश्नांचा कागद असतो, घरात किती जण, कधीपासून दुःख, असे ओळीनं. अंगणातली बकरी तो कागद खाते. आता विचारावं काय, त्याला सुचेना. घरची बाई म्हणते, बसा, पाणी प्या, आता तुम्हीच सांगा काही तुमचं. तो आपल्या आईबद्दल सांगायला लागतो. दोन वर्षं तिच्याकडे गेला नाही म्हणतो आणि सांगता सांगता रडतो. मग सगळं घर त्याची समजूत काढतं, त्याला जेवू घालतं, आणि तो जाताना बकरी त्याला स्टँडपर्यंत पोचवायला येते.

टायपताना मी दोनदा थांबलो. एकदा हसण्यासाठी आणि एकदा उगीच स्क्रीन पुसण्यासाठी.

ते ब्लॉगवर चढलं आणि कोपऱ्यातला आकडा वेडा झाल्यासारखा पळू लागला. अकरा प्रतिक्रिया आल्या. परदेशातल्या कोणीतरी लिहिलं, तुमच्यासारखं कोणी लिहीत नाही. खरं होतं. मीसुद्धा लिहीत नव्हतो.

बाईंनी सगळ्या प्रतिक्रिया वाचून घेतल्या. मग सहज म्हणाल्या, "त्याच्यात माह्यं नाव येते का भाऊ?"

मी म्हणालो, "बाई, ब्लॉग एकाच माणसाच्या नावानं असतो."

"असं राहते का. असू द्या मंग."

खाली एक ओळ टाकायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. दुसऱ्याच्या कागदाची प्रत काढण्यात माझा जन्म गेला, पण ती खरी प्रत म्हणून खाली आपलीच सही मारण्याचा हा पहिला प्रसंग. हाच तो गुन्हा.

त्यानंतर माझी लेखणी सुटली. स्वतःचं लिहू लागलो, दर बाजाराला एक पान. बाई पुन्हा कागदावरचं वाचू लागल्या. त्याच हंगामात मी शेतात जाऊन ते उलटं चालणं पाहिलं. आता त्या पानं परत आणून द्यायच्या, आणि प्रत्येक पानाला आडव्या घड्या असायच्या. "ह्या घडीपाशी कोणी हासलं नाई," असं सांगून टेबलावर ठेवायच्या. एका पानाला तर इतक्या घड्या होत्या की त्याचा पंखा झाला होता. मी चिडायचो आणि त्या गेल्या की ती वाक्यं गुपचूप काढून टाकायचो. अजून माझं काही लिहून झालं की मी कागदाला त्या नजरेनं बघतो आणि कुठे घडी पडेल ते मला आधीच दिसतं.

एक गोष्ट तेव्हा मी पाहिली आणि सोडून दिली. त्या हंगामापासून बाईंचं गाठोडं काट्यावर हलकं भरू लागलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "वय झालं ना आता." मलाही ते पटलं. बकरीचं खरं केल्यावर त्यांनी मनचं काही सांगितलं नाही. मी एकदा म्हटलंही, अजून असतील तर सांगा. "आता तुमचं आलं ना," त्या म्हणाल्या, "मंग माह्यं कायले?"

पुढे गावोगाव कपाशीच्या जागी सोयाबीन आलं, टोळ्यांना काम कमी झालं. बाई मुलीकडे उमरखेडला गेल्या. जाताना दुकानात आल्या, टेबलाला टेकल्या, रद्दीच्या खोक्यातून एक कागद उचलून कमरेला खोचला. गाडी लागली तेव्हा खिडकीतून म्हणाल्या, "लेहत राहा. बंद पडलं त मी तिथून येईन." मी हात हलवला. नाव घालायचं राहिलंय, हे ओठांवर आलं होतं. गाडी सुटेपर्यंत ते ओठांवरच राहिलं.

दोन वर्षांनी उमरखेडच्याच गाडीनं निरोप आला. तेरवी होऊन गेली होती.

त्या रात्री नाही, त्या आठवड्यातही नाही, पण दिवाळीच्या आधी मी बसून सगळं लिहिलं. बकरीची गोष्ट कोणाची, दहीभात कोणाचा, आणि मी काय लपवलं ते. या वेळी बाईंचं नाव सगळ्यात वर घातलं. पण कम्प्युटरावर चढवून समाधान होईना. ज्यांच्याशी खोटं बोललो त्या बारा जणी कम्प्युटर पाहत नव्हत्या.

अरुणावती नदीच्या पलीकडे एका शेतात टोळीचा पहिला वेचा होता. बाराच्या आठ राहिल्या होत्या. सीतादही झालं, दहीभाताचा प्रसाद हातावर आला आणि मी म्हणालो, "मला थोडं वाचायचं आहे." बायका ओळी धरून उभ्या राहिल्या. मी बाईंसारखं उलटं चालायला गेलो, चौथ्या पावलाला कपाशीच्या झाडात बसलो आणि उठून उभ्यानंच वाचलं. त्या सात महिन्यांत तुम्ही ऐकलं ते माझं नव्हतं, हे वाचताना आवाज पार खाली गेला. तुम्हाला बाईंनी फसवलं नाही, फसवलं मी, असं म्हणून मी कागद मिटला आणि मान खाली घालून शिक्षेची वाट पाहू लागलो.

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एकीनं पदर तोंडावर धरला. मला वाटलं, रडते आहे. मग सुगंधा, जी कधी बोलत नाही ती, पटकन बोलून गेली:

"तो राशन कार्डाचा कागद आमाले पयल्या दिवशीच दिसलता जी. तुमचंवालं परत सुरू झालं, तवापासून आमी ओंजळ अर्धी केलती."