लसणाच्या वाफ्यात उभं पाणी

आमच्या घरी लसूण आई लावते. धान बाबाचं, बाडी आईची, असं ठरूनच गेलं आहे. घरामागं थोडीशी जागा, तिथी वांगे, सांबार म्हणजे कोथिंबीर, वाल अन् एक वाफा लसणाचा. आता हा लसूण बाजारातला नाई बरं का. आईनं लग्नानंतर माहेराहून आणलेलं बी आहे हे. बारीक बारीक पाकळ्या, लालसर सालटं, पण फोडणीत टाकला का रस्त्यावरच्या माणसाले समजते. दरसाल थोडा खायाचा, थोडा जुडी बांधून चुलीवर टांगाचा, बियाले. तिच्या माहेरी आता हे बी कोणाजवळच राह्यलं नाई. आमच्या वाफ्यातून गेलं का मंग गेलंच.

अन् यंदा धान कापून होत नाई त ताईच्या बाळंतपणाले आईले अहेरीले जा लागलं. जाताना चुलीवरची जुडी काढली अन् माह्या हातात देली.

"पुरं बी हेच आहे. टोक वरतं ठेवून लावजो. ध्यान ठेवजो वो बाई."

मी हो म्हटलं. नाई म्हणून कराचं काय? पण माही हालत ऐका ना. सकाळी शेण, भांडे, सैपाक, मंग पळत आरमोरीची बस. तिथी कपड्याच्या दुकानात दिवसभर उभं. साड्या उलगडा, साड्या घडी करा, परत उलगडा, अन् शेवटी बाई म्हणते, "नाई, आज नुसतं पाह्याले आली होती." संध्याकाळी घरी येते त पाय माहे नाईच असं वाटते. तोवर अंधार. अंधारात घरामागं कोणी जात नाई, मागच्याच महिन्यात नाल्याजवळ वाघानं गोऱ्हा मारला. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी पाकळ्या लावल्या, अन् बाबा म्हणले, "पाण्याचं मी पाह्यतो." मले बापा तेवढंच ऐकाचं होतं.

आता बाबाचा पुरा जन्म धानात गेला. त्यांच्या हाताले एकच पाणी माहीत आहे, धानाच्या बांधीत उभं राह्यते ते. त्यांनी वाफ्याच्या चारही बाजूनं मातीचा धुरा घातला, फावड्यानं थापून थापून गुळगुळीत केला, एक थेंब बाहेर जाणार नाई असा. अन् रोज मोटारीचा पाइप लावून तुडुंब! खूप मन लावून, खरंच सांगते. मी दुकानात, मले काय माहीत?

मधल्या सुट्ट्या धानाच्या मळणीत गेल्या. महिनाभरानं मी मागं गेली त पाणी चमकून राह्यलं, अन् त्याच्यात लसणाची पिवळी पिवळी पात आडवी पडलेली. एक उपटून पाह्यला. खालून लिबलिबीत, नुसता वास.

बाबा पाइप घेऊन बाजूलेच उभे. शेजारची मावशी तिच्या सीताफळाच्या झाडाखालून, कुंपणावरून डोकावली. "काऊन भाऊ, लसूण लावला का धानाचा रोवणा केला? चिखल मस्त जमला, आता परे टाका!"

बाबा म्हणले, "पाण्याबिगर काई होते का, बाई?"

"होते ना. माहा पाहा." तिचा वाफा खरंच हिरवागार होता. बाबाचं तोंड उतरलं. मावशीलेही समजलं, ती आपल्या वाफ्याकडं वळली.

अन् त्याच संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल. ताईचं बाळ दाखवलं, नाक दाखवलं, मंग म्हणे लसूण दाखवा. मी तव्यावरची पोळी पलटवून राह्यली होती, उजेड होता अजून, बाबाच फोन घेऊन मागं गेले. मी दारातून पाह्यते त काय? बाबा कुंपणावरून हात लांबवून मावशीचा वाफा दाखवून राह्यले!

फोनमधून आईचा आवाज आला, "लसूण त मस्त आहे जी. पण आपल्या बाडीत सीताफळ कवापासून आलं?"

बाबानं फोन खाली केला. मले हसू आलं अन् रडूही आलं. शेवटी मी फोन घेतला अन् खरं खरं दाखवलं. आईनं फोन डोळ्याजवळ नेला. तिकडं बाळ रडून राह्यलं होतं. मंग म्हणे, "धुरा फोडा. आत्ताच. मी सांगत नाई तोवर पाणी नका देऊ."

बाबानं फावडं घेतलं. धानात पाणी असताना धुरा फोडणं म्हणजे आमच्या इकडं भांडणाचं काम आहे, दुसऱ्यानं फोडला त डोके फुटतात. अन् इथी स्वतःचाच फोडाचा. पहिला घाव त्यांनी एवढा हळू मारला का माती हालली पण नाई. मीच मंग पायानं ढकलला. पाणी वांग्यांकडं गेलं. आम्ही दोघंही तिथंच ओल्यावर बसलो, पोळी जळाचा वास येऊन राह्यला तरी मले उठाचं झालं नाई.

अर्ध्याच्या वर सडलाच. उरला तो कसाबसा आला. आई परत आली तवा काढून ठेवला होता, एवढुसे गड्डे, काईत त नुसती एकच गोल पाकळी. मले वाटलं आता बोलणी बसते. पण ती प्रवासातून आलेली, डोळे सुजलेले, तशीच जमिनीवर बसली अन् निवडाले लागली. बाबा खाटेवर, तिच्याकडं न पाहता.

तिनं तीन जुड्या बांधल्या. यंदा खायाले त्यातली एक पाकळी नाई, पुरा बियाले. एक आमच्या चुलीवर टांगली. एक ताईकडं धाडाले पिशवीत ठेवली. तिसरी घेऊन ती कुंपणापाशी गेली. इतक्या वर्षांत माह्या आईनं ह्या लसणाची पाकळी कोणाले लावाले देली नव्हती, मागितली तरी नाई.

"हे तुह्या वाफ्यात लावजो. एकाच घरी ठेवाचं नाई आता."

मावशीनं जुडी पदरात घेतली. "लावते ना बाई. पण भाऊले सांगून ठेव, माह्या बाडीत पाइप आणाचा नाई."

खाटेवरून बाबा म्हणले, "नाई आणत."