रुईच्या पानावरचे कवडसे

चारुलताबाईंच्या फोनमध्ये नातेवाइकांपेक्षा झाडांचे फोटो जास्त होते, आणि तीही कुणी पाणी घालून वाढवलेली झाडं नव्हेत. दुर्गजवळच्या चरोदा गावी, रेल्वे कॉलनीत कुंपणालगत जे आपसूक उगवेल ते त्या टिपत. धोत्रा, तरोटा, रुई.

"लोकं नातवायचे फोटो काढतेत, ही गवताचे काढते," शेजारणी म्हणायच्या. बाई ऐकून घेत आणि पुन्हा वाकून फोन पानाजवळ नेत.

फोटो सुधारायला त्यांना भाची हर्षानं शिकवलं. ती जवळच सुपेल्याच्या बाजारात एका फोटो स्टुडिओत कामाला होती. सुरुवातीला बाईंनी हिरवा रंग इतका चढवला, की पानं प्लास्टिकची वाटू लागली. मग हात आवरला. आता त्या आधी सावल्या गडद करत, मग उजेड जरासा वाढवत आणि पोत अगदी शेवटी, शिरा बोटाला लागतील असं वाटेपर्यंतच. त्यापुढे गेलं की रुईवरची पांढरी भुकटी चुन्यासारखी दिसते, हे त्यांना पक्कं ठाऊक झालं होतं.

दुर्गच्या त्यांच्या मराठी मंडळानं नव्या वर्षाच्या कॅलेंडरसाठी सभासदांकडून फोटो मागवले, तेव्हा बाईंनी रुई पाठवली. वरच्या पानाला अळीनं भोकं पाडलेली आणि त्यांतून उतरलेल्या उन्हाचे खालच्या पानावर कवडसे.

मंडळाचे सचिव शामसुंदर यांचा फोन आला. "वहिनी, फोटो एक नंबर. तुमच्या नावासकट छापतो. फक्त ते भोकं बुजवून द्या. सालभर भिंतीवर किडकं पान कोण पाहीन?"

"अन् नाही बुजवले त?"

"मागच्या सालचा गुलाब आहे आपल्याजवळ."

लग्नपत्रिकेनंतर बाईंचं नाव कुठंच छापून आलं नव्हतं. त्यांचे यजमान धनंजयराव म्हणाले, "दोन मिनिटाचं काम आहे. बुजव अन् मोकळी हो."

म्हणून त्या सुपेल्याला गेल्या. हर्षानं पटापट भोकं बुजवली. वरचं पान कोरं करकरीत झालं. खालचे कवडसे मात्र जिथल्या तिथं होते.

बाईंनी पडद्यावर खालच्या पानाकडे बोट दाखवलं. "हर्षा, हे ऊन कुठून आलं वं?"

"ये भी मिटा देती हूँ, मावशी. एक मिनट."

"मग राहिलं काय फोटोत?"

"हिरवं पान."

"हिरवं पान त रंगाच्या डब्यातूनही निघते. पयल्यासारखं कर."

भोकं परत आली. बाईंनी स्वतः माउस घेतला, खालच्या पानाची सावली आणखी गडद केली आणि कवडसे लख्ख उठून दिसले. तोच फोटो त्यांनी शामसुंदर यांना पाठवला. सोबत लिहिलं, 'उजेड वाढवला आहे. भोकं आहेत तशीच राहतील.'

 जानेवारीत कॅलेंडर आलं. त्यावर गुलाब होता.

धनंजयरावांनी ते खिळ्याला अडकवलं. "झालं समाधान?"

"अजून नाही," म्हणत बाईंनी पट्टी आणली आणि गुलाब मापला.

मागल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी वाण म्हणून चहाच्या गाळण्या दिल्या होत्या. यंदा प्रत्येकीच्या हातात रुईचा फोटो आला. गुलाबाच्या मापाचा, कोपऱ्यात बाईंचं छापील नाव.

"वाणात किडकं पान देणारी तूच," शेजारीण म्हणाली. "आता हे ठेवाचं कुठं?"

"गुलाबावर चिकटवाचं. तारखा दिसतेत तशाच."

बायका हसल्या आणि मग एकमेकींना कोपरानं खुणावू लागल्या, कारण शामसुंदर यांची बायको सीमाही दुर्गहून लोकलनं आली होती. फोटो हातात धरून ती खिडकीजवळ गेली. कवडशांवरून तिनं बोट फिरवलं.

"यांनी हेच नाही छापलं का?"

"हेच."

सीमानं फोटो जपून पर्समध्ये ठेवला. "डिंकाची बाटली असंल त द्या, ताई. आमच्या इथं कॅलेंडर यांच्या खुर्चीच्या बरोबर समोर आहे."