बसभर मतं

इनायतचाचा आमच्या कामगार कॅम्पच्या बसचे ड्रायव्हर. दाभोळच्या खाडीकाठचे. अख्खी जवानी कतारमध्ये गाडी चालवण्यात गेली, पण कुणाच्या आईबहिणीचा उद्धार करताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर इंडस्ट्रियल एरियातल्या निम्म्या ट्रकवाल्यांशी माझी मारामारी झाली असती. माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवतो. मी मधू, सिन्नरचा, धंद्याने इलेक्ट्रिशियन. स्टेडियमच्या कामावर होतो. वर्ल्ड कप अजून कितीतरी वर्षं लांब होता, पण साइटवर अशी घाई, जणू परवाच मॅच आहे.

त्या काळी कतारबाहेर पडायचं तर कंपनीकडून एक्झिट परमिट लागायचं. तिकीट तुमचं, पासपोर्ट तुमचा, मरायला टेकलेला बापही तुमचाच, तरी कंपनी 'हो' म्हणाली नाही तर विमानात पाय ठेवता यायचा नाही. आमच्या कंपनीत ते 'हो' म्हणणारा माणूस एकच, ॲडमिनचे देवव्रतसाहेब. पुण्याचे. मराठी साहेब मिळाला म्हणून सुरुवातीला आम्हाला कोण आनंद झाला होता! कसलं काय न् फाटक्यात पाय.

चाचांच्या रिदाचा निकाह ठरला होता. एकुलती एक लेक. ती जन्मली तेव्हा चाचा इथे, पहिलं पाऊल टाकलं तेव्हा इथे, शाळेत पहिली आली तेव्हाही इथेच. "निकाहला तरी बापाने उभं राहायला पायजे का नको, मधू?" बसच्या काचा पुसता पुसता ते मला विचारायचे. मी म्हणायचो, पायजेच. रजा मंजूर झाली, तिकीट निघालं, तिकडे खतिजाचाचीने मांडववाल्याला सांगून ठेवलं. एक्झिट तेवढी राहिली होती. देवव्रतसाहेब रोज म्हणायचे, "बघतो."

आणि नेमकी त्याच वेळी स्नेहमेळ्याच्या अध्यक्षाची निवडणूक लागली.

स्नेहमेळा म्हणजे दोह्यातल्या मराठी माणसांचं मंडळ. तेलवाले, गॅसवाले, इंजिनियर, बँकवाले, सगळ्या फॅमिल्या दोन तटांत वाटलेल्या, आणि दोन्ही तट तोडीस तोड. त्यामुळे तराजू झुकवायला लागायची ती आमच्या कॅम्पातली बसभर मतं. एरवी आमची आठवण कुणाला? निवडणूक आली की मात्र बिर्याणीची पाकिटं घेऊन दोन्हीकडचे लोक गेटवर हजर.

एका बाजूला देवव्रतसाहेब, दुसऱ्या बाजूला आसावरीताई. दोघंही आधी एकेकदा अध्यक्ष होऊन गेलेले, आणि दोघांचंही वचन तेच. तुमच्यासाठी बस पाठवू, गणपती, नाटक, दिवाळी, सगळ्याला तुम्ही यायचंच. आसावरीताई निवडून आल्या त्या वर्षी गणपतीत निरोप आला, पहिल्या दिवशी फॅमिल्यांची गर्दी आहे, बॅचलर मंडळींनी तिसऱ्या दिवशी यावं. बायकापोरं गावी असली तरी इथे आम्हाला बॅचलरच म्हणतात. ठीक आहे म्हटलं. इस्त्रीचे कपडे घालून आम्ही आपले पदरच्या पैशांनी टॅक्सी करून तिसऱ्या दिवशी गेलो. हॉल रिकामा! अहो, गणपती दीड दिवसाचा होता. विसर्जन करून मंडळी मोकळी झालेली. मखराच्या थर्मोकोलला हात जोडून आम्ही परत आलो.

त्या रागात पुढच्या वेळी देवव्रतसाहेबांना मतं दिली. त्यांनी मात्र बस पाठवली, खरंच पाठवली. दिवाळीच्या कार्यक्रमाला भर दुपारी नेलं, आमच्याकडून खुर्च्या लावून घेतल्या, आणि गाणं सुरू व्हायच्या आत परत कॅम्पात आणून सोडलं. उडदामाजी काळे गोरे, काय निवडावे निवडणाऱ्याने?

यंदा मतदानाच्या आदल्या संध्याकाळी मेसमध्ये मजीदने तोंड उघडलं. मजीद रायगडचा, सळया बांधणारा, आवाज असा की साइटवर त्याला वॉकीटॉकी लागत नाही. म्हणाला, "यंदा कुणालाच मत नाय. बस आली तरी चढायचं नाय. खलास! बघू दे त्यांना रिकामी बस." सगळ्यांनी ताटं वाजवली. सगळ्यात जोरात मी वाजवलं, खोटं कशाला बोलू?

मग माझं लक्ष दाराकडे गेलं. चाचा ताट हातात धरून तिथेच उभे होते. हळूच म्हणाले, "साहेब काल बोलले मला. बस भरून आण, एक्झिट देतो."

ताटं थांबली. निकाह पुढच्या शुक्रवारी होता, हे कॅम्पातल्या प्रत्येकाला ठाऊक.

"मग?" मजीद उसळला. "तुमच्या एक्झिटसाठी आम्ही त्या माणसाला परत डोक्यावर घ्यायचा?"

मी उठून त्याची कॉलर धरली. तो बोलत होता ते मलाही पटत होतं, म्हणून तर जास्तच राग आला. चाचांनी मधे पडून आम्हाला सोडवलं. "कुणावर जबरदस्ती नाय," म्हणाले. "मी नमाजनंतर बस लावतो. ज्याला यायचं तो येईल." आणि न जेवताच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचांनी बस लावली. आत कुणी नाही. इंजिन चालू, एसी चालू, चाचा आरशात रिकाम्या सीटा बघत बसलेले. मी चढून त्यांच्या मागे बसलो. एक मी, दुसरं कोण? एक माणूस म्हणजे काय बस भरली म्हणायची? तेवढ्यात खोल्यांकडून मजीद येताना दिसला. पाय आपटत आला, चढला, धपकन बसला आणि म्हणाला, "रिदासाठी. त्या माणसासाठी नाय." त्याच्या मागोमाग एकेक करत सगळा कॅम्प आला. शेवटचे काही उभ्याने आले.

हॉलच्या दारात आसावरीताईंनी आम्हाला गाठलं. "या वेळी बस नक्की हं! गणपतीला तुम्ही सगळे हवेच आहात."

"किती दिवसांचा बसवताय, ताई?" मी विचारलं.

त्या गोड हसल्या. त्यांना काही कळलंच नाही. म्हणजे झालेलं त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मला वाटलं, ओरडून सांगावं, पण चाचांचा चेहरा बघितला आणि आत गेलो. देवव्रतसाहेबांनी भरलेली बस बघून सगळ्यांदेखत चाचांच्या खांद्यावर थाप मारली. "शाब्बास, इनायतभाई!" मी मतपत्रिकेवर साहेबांच्या नावापुढे फुली मारली आणि बाहेर येऊन नळावर हात धुतले. नुसत्या पेनाला हात लावला होता, पण धुतले. संध्याकाळी निकाल लागला. देवव्रतसाहेब अध्यक्ष झाले, आमच्याच मतांनी.

रविवारी चाचा केबिनमध्ये गेले. मी मुद्दाम ट्यूब बदलायचं निमित्त काढून शिडीवर चढून बसलो होतो.

"साहेब, एक्झिट."

"अहो इनायतभाई, मोठी पंचाईत झालीय. कपचं काम पेटलंय, ड्रायव्हरांच्या रजा थांबवल्यात. वरून आलंय, माझ्या हातात काही नाही." मग खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "आणि या शुक्रवारी माझा सत्कार आहे. बस तुम्हीच आणायची. तुम्ही आणलीत म्हणून तर लोक आले!"

"साहेब, शुक्रवारी पोरीचा निकाह हाय."

"अरे हो, हो! अभिनंदन! पण निकाह काय, आजकाल फोनवरसुद्धा होतो ना?"

माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. देवा शप्पथ सांगतो, तो मी कसा खाली ठेवला ते माझं मला माहीत. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ते हेच. मला वाटलं चाचा आता तरी टेबलावर हात आपटतील. ते फक्त "जी साहेब" म्हणाले आणि बाहेर पडले. बाहेर येऊन मी त्यांनाच झापलं, "चाचा, जी काय? जी काय साहेब?" तो आठवडाभर ते कुणाशीच फारसे बोलले नाहीत, आणि त्यांचं ते गप्प राहणं आम्हा सगळ्यांच्या जिवाला लागून राहिलं. मजीद तर रोज मला विचारायचा, "म्हातारा जिवाचं काय करून घेणार नाय ना रे?"

शुक्रवार आला. सत्काराला कुणी जाणार नव्हतं, हे सांगायलाच नको. पण चाचा स्वतः खोल्याखोल्यांतून फिरले. "बसा. माज्यासाठी बसा." पोरीच्या निकाहच्या दिवशी बाप दारात येऊन हात जोडतोय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? आम्ही चढलो, पण मनातून मी चाचांवर चिडलेलो होतो. माणसाने इतकं वाकावं?

हॉलचं वळण आलं. बस वळली नाही.

"चाचा, हॉल मागे राहिला," मी म्हणालो.

"ठाऊक हाय."

बस उत्तरेच्या रस्त्याला लागली. दोहा मागे पडलं, दोन्ही बाजूंना नुसती पिवळी जमीन. चाचांचा फोन वाजायला लागला. डॅशबोर्डवर देवव्रतसाहेबांचं नाव. वाजून वाजून बंद झाला, परत वाजला. कंपनीची बस, कंपनीची माणसं, आणि विचारल्याशिवाय शंभर किलोमीटरवर! मजीदसारखा मजीद पुढे येऊन कुजबुजला, "चाचा, नोकरी जाईल. अजून वळवा. टाइम हाय."

"साहेबच बोलले, निकाह फोनवर होतो," चाचा समोर बघत म्हणाले. "बरं. फोनवर तर फोनवर. पण कॅम्पच्या खोलीत बसून नाय करणार मी. पाण्याकडे तोंड करून उभा राहीन. नि लेकीच्या निकाहला बापाकडनं कुणी वऱ्हाडी नको? म्हणून तुम्हाला आणलं."

केवढं बोललो होतो मी मनातल्या मनात!

मदिनत अश शमाल मागे टाकून आम्ही अल रुवैसला पोचलो. मासेमारीचं छोटं बंदर. होड्या बांधलेल्या, जाळी वाळत घातलेली. बसचं दार उघडल्याबरोबर मासळीचा वास आला आणि चाचांनी छाती भरून घेतला. सीटखालून पिशवी काढली, कंपनीचा शर्ट उतरवला आणि नवा पांढरा कुर्ता चढवला. निकाहसाठी घेतलेला. धक्क्याच्या टोकाला जाऊन उभे राहिले. आम्ही सगळे त्यांच्या मागे.

तिकडे दाभोळला असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज झाली होती. फोन स्पीकरवर लागला. लोकांचा गलका, भांड्यांचा आवाज, मग काझींचा आवाज. तेवढ्यात फोनमध्ये मधेच टीं-टीं, टीं-टीं. देवव्रतसाहेब! तो फोन घेतला तर हा तुटणार, नाही घेतला तर नोकरी जाणार. चाचांचा अंगठा पडद्यापाशी गेला. मी बघत होतो.

"इनायतभाई, ऐकू येतंय? मुलीचे वली म्हणून तुमची इजाजत हाय ना?" काझींनी विचारलं.

टीं-टीं.

चाचांनी अंगठा बाजूला घेतला. "हाय!" असे ओरडले की होडीतला माणूस वळून बघायला लागला. "माजी इजाजत हाय!"

मग मुलाने कबूल म्हटलेलं ऐकू आलं आणि धक्क्यावर आम्ही जो आरडाओरडा केला! मजीद खजूर वाटत होता आणि रडत होता, आणि रडतोस काय म्हणून मी त्याला शिव्या देत होतो, तर माझेच डोळे वाहत होते. मग रिदा फोनवर आली. "अब्बा, तुम्ही कुठे उभे आहात?" चाचा म्हणाले, "पाण्याजवळ, बेटा."

शनिवारी सकाळी चाचांना केबिनमध्ये बोलावलं. देवव्रतसाहेबांच्या सत्काराला म्हणे निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि लावायलाही कुणी नव्हतं. हा माणूस उद्या इथे दिसता कामा नये, असा त्यांचा हुकूम. महिनाभर जी 'बघतो, बघतो' होती ती एक्झिट त्याच दुपारी निघाली. फायनल एक्झिट, कायमची. वरून काही आलं नाही, कुणाला काही विचारावं लागलं नाही. इतक्या वर्षांची नोकरी गेली. रविवारी चाचा एक बॅग घेऊन गेटबाहेर पडले तेव्हा संपूर्ण कॅम्प रस्त्यावर उभा होता. बस चालवायला नवा माणूस होता, आणि त्याच बसच्या काचेत डोकावून चाचांनी भांग नीट केला.

पुढे निवडणुका झाल्या, दोन्हीकडच्या बसही आल्या. आम्ही कुणी चढलो नाही. ते असो.

चाचा गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी दुपारी, साइटवर माझा फोन वाजला. भारतातला नंबर. त्यांच्यात निकाहनंतर चौथ्या दिवशी मुलगी माहेरी येते, चौथी म्हणतात. हे मला मजीदने नंतर सांगितलं, तेव्हा ठाऊक नव्हतं.

"मधू," चाचा म्हणाले, "साहेबाला माजा सलाम सांग. त्यांनी येवढी घाई केली नसती तर मी पोचलोच नसतो. आज चौथी. रिदा आली, नि दार मी उघडलं."